लांब हात, बारीक पोटऱ्या

माझे दोन्ही हात पसरले तर या बोटापासून त्या बोटापर्यंतचं अंतर माझ्या उंचीपेक्षा चार बोटं जास्त भरतं. मान आखूड, खांदे उतरते, कंबर बारीक, आणि पोटऱ्या म्हणजे नुसत्या काठ्या. हे मी कौतुकाने सांगत नाही. या अंगाने माझ्या घराची जी वाट लावायची ती लावली, आणि आता म्हातारपणी वखारीतली पोरं विचारतात, "काय हो मुकादम, तुम्ही म्हणे जवानीत टोपीवाल्यांशी गुद्दे खेळायचात?" खेळलो. एकदाच. ते एकदाचं काय झालं ते लिहून ठेवतो, म्हणजे पुन्हा कोणी माझं डोकं खाणार नाही.

माझा बाप देशावरचा, कऱ्हाडच्या बाजूचा. घाटात रूळ टाकायचं काम निघालं तेव्हा माती उपसायला आला आणि ते संपल्यावर कल्याण स्टेशनात सांधेवाला म्हणून चिकटला. गाडी या रुळावरून त्या रुळावर घ्यायची तर सांध्याचा खटका ओढायचा, हे त्याचं काम. रेल्वेने रुळांच्या कडेला एक खोली दिली होती. त्या खोलीत मी जन्मलो. बा गावाकडे असताना पैलवान होता. चुरगळलेले कान, मांड्या अशा की धोतर पुरायचं नाही, आणि मान तर नव्हतीच, डोकं थेट खांद्यांवर बसवलेलं. असल्या माणसाच्या पोटी माझ्यासारखा बांबू निपजला, याचं त्याला फार वाईट वाटायचं. बोलला कधी नाही, पण न्हाऊ घालताना माझ्या पोटरीवरून हात फिरवून उसासा टाकायचा.

आय मात्र खूश. गावातल्या एका जोशीबोवांनी तिला सांगितलेलं, पोराचे हात गुडघ्याला टेकतात, आजानुबाहू आहे, राजलक्षण आहे. त्या बिचारीने ते खरं मानलं. राजलक्षण म्हणे! राहायचं सांध्यापाशी, खायची नाचणी, आणि लक्षण राजाचं.

पंधरा वर्षांचा झालो तसा बाने मला तळ्याकाठच्या तालमीत नेलं. वस्ताद त्याचा दोस्त. त्याने बाजारात बैल बघतात तसं मला फिरवून फिरवून पाहिलं. मानेला चिमटा काढला, छाती ठोकली, पोटरीवर हलकी लाथ मारली.

"हे काय रे आणलंस? नुसतं ताडमाड वाढलंय. कुस्तीला बैठं अंग पाहिजे. बुंधा जाड पाहिजे. याचे हातपाय म्हणजे समोरच्याला धरायला आयते दांडे."

"असू दे. माती लागू दे अंगाला," बा म्हणाला.

लागली. अडीच वर्षं लागली. पाठीला माती लागली नाही असा एक दिवस आठवत नाही मला. माझ्यापेक्षा वीतभर बुटकी पोरं माझ्या कमरेखाली शिरायची, उचलायची आणि आपटायची. वस्तादाने मला डाव असे फार शिकवले नाहीत, कशाला शिकवेल? पण तालमीची रीत मात्र अंगात पुरती भिनली. दोन्ही खांदे मातीला टेकले की पाठ लागली. पाठ लागली की कुस्ती गेली. मग तक्रार नाही, पाय घसरला म्हणायचं नाही, की पुन्हा झोंबायचं नाही. उठायचं, माती कपाळाला लावायची, समोरच्याचा हात धरायचा आणि बाजूला व्हायचं. एकदा कासाराच्या पोराने पाठ लागल्यावर उठून पुन्हा समोरच्याच्या पायांना हात घालून पट काढला, तर माझ्याच बापाने त्याला बखोटीला धरून आखाड्याबाहेर काढलं. पुढे तीन महिने त्या पोराशी तालमीत कोणी जोड लावली नाही.

अठराव्या वर्षी मी इंजिनाच्या शेडमध्ये इंजिनं पुसायला पुसाऱ्या म्हणून लागलो. शिडी न घेता इंजिनाच्या टपापर्यंत माझा हात पोचायचा. शेडचा फोरमन गोरा होता, पोट सुटलेला, नाक लाल, पण तरुणपणी पलटणीत गुद्देबाजी खेळलेला. एक दिवस तो खाली उभा राहून माझे हात बघत राहिला. मला वाटलं, आता शिवी येणार. तर त्याने फिटरकडची मोजपट्टी मागवली आणि मला भिंतीला टेकवून हात पसरायला लावले.

त्या दिवशी माझ्या अंगाची जी तपासणी झाली तशी माझ्या लग्नातही झाली नाही. मूठ वळायला लावली, मनगट दाबून पाहिलं, बोटांची हाडं मोजली. हनुवटी डावीउजवीकडे ढकलली. मान आखूड आहे म्हणून मान डोलावली. त्याचं म्हणणं, लांब मानेचा माणूस एका ठोशात झोपतो, आखूड मान मार खाते आणि उभी राहते. उतरत्या खांद्यांवर थाप मारली, ते बरे, हात सरळ सुटतो. मग माझ्या पोटऱ्यांकडे पाहून हसला. मी शरमलो. तो म्हणाला, "अच्छा है! भारी पैर नहीं मांगता. चलनेवाला पैर मांगता." आणि हात चार बोटं जास्त भरले तेव्हा तर त्याने शिट्टीच घातली. समोरच्याचा ठोसा पोचायच्या आत माझा पोचणार, हे त्याचं गणित. तालमीत जी जी माझी खोड होती, ती ती या लाल नाकाच्या म्हाताऱ्याला पसंत पडली.

आणि मी काय केलं? फुगलो. गाढव मी! अडीच वर्षं ज्याला कोणी दांडा, कोणी बांबू म्हटलं, त्याला एक माणूस म्हणतो तुझं अंग लाखात एक आहे. जीव टाकला मी त्याच्यावर.

रोज पाळी सुटली की शेडमागे राखेच्या ढिगाशी तो मला शिकवायचा. हातांना कापूस भरलेले चामड्याचे मोजे. डावा हात पुढे, तो सारखा समोरच्याच्या तोंडावर नाचवायचा, उजवा हनुवटीशी राखून ठेवायचा. टाच टेकवायची नाही. पार्सलच्या तराजूवर मला बसवून तो दर आठवड्याला वजन करायचा, पावणेदोन मणाच्या वर जाऊ द्यायचा नाही. तालमीत जोड नजरेने लावतात, इथे शेराशेराचा हिशेब. शिकवायला तोच आणि खेळायलाही तोच, आणि त्याचा दम एवढासा. त्याचा ठोसा मला कधी लागला नाही, मी कधी पडलो नाही. न पडणाऱ्याला, पडल्यावर काय करायचं ते कोण शिकवतं? ते त्याने मला कधीच सांगितलं नाही.

त्याच साली दिवाळीनंतर बाच्या हातून चूक झाली. भरदुपारी मालगाडीचे दोन डबे रुळावरून घसरले. माणूस मेला नाही, पण चौकशी बसली. खरं तर जमादाराने निशाण उशिरा दाखवलं होतं आणि बाचंही लक्ष नव्हतं, दोघांचं मिळून झालं ते. स्टेशनातले बाबू भले होते. त्यांनी बाला आदल्या दिवशी बाजूला घेऊन सांगितलं, "खटका अडकला म्हण. गंजलाय तो, कोणीही मान्य करेल." साहेबासमोर उभा राहून बा म्हणाला, "खटका अडकला न्हाय. माझं ध्यान चुकलं." झालं! जमादार सुटला, बा कामावरून गेला. महिनाअखेर खोली खाली करायचा हुकूम आला.

मी त्या रात्री जेवलो नाही. आय म्हणाली, "असलाच हाय तो. माझं लगीन झालं तवापास्नं असलाच हाय." तिच्या आवाजात राग होता की आणखी काही, ते मला कळलं नाही.

मी फोरमनचे पाय धरले. तो म्हणाला, वाहतुकीचा साहेब माझ्या टेबलावर जेवतो. नाताळात इगतपुरीच्या शेडचा फायरमन खाली येणार आहे, त्या शेडच्या फोरमनशी माझी पैज लागली आहे. तू त्याला पाड. तुझा बाप दुसऱ्या दिवशी सांध्यावर उभा राहील आणि खोली तुमची तुम्हाला. टोपीवरची धूळ झाडून त्याने हे सांगितलं, आणि माझी खात्री आहे की तो शब्द त्याने पाळला असता. त्याला पैज जिंकायची होती, आणि मला खोली वाचवायची होती.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मालधक्क्यावर फळ्या टाकल्या, त्यावर ताडपत्री, चार खांब, दोऱ्या. खुर्च्यांवर साहेब आणि मडमा. दोऱ्यांच्या बाहेर मोकळी जागा, तिच्या पलीकडे आपले लोक उभे: शेडचे पुसारे, हमाल, आणि हो, तालमीची सगळी पोरं, वस्तादासकट. एकटा बा पुढे. फोरमनने त्याला माझ्या कोपऱ्यात दोरीला लागून खोक्यावर बसवलं होतं. मला भरून आलं. वाटलं, काही म्हणा, साहेबाने माझ्या बापाचा मान राखला.

इगतपुरीचा तो फायरमन अर्धा गोरा, अर्धा आपल्यातला. वजनाला माझ्याएवढाच, पण बैठा, रुंद, जाड मानेचा. वस्तादाला पाहताक्षणी आवडला असेल. तो मुंडी खाली घालून आत शिरायला बघायचा आणि माझा डावा हात त्याच्या नाकावर बसायचा. पुन्हा शिरायचा, पुन्हा बसायचा. पहिल्या डावात त्याचं नाक फुटलं. दुसऱ्या डावात त्याचा डावा डोळा मिटला. त्याचे ठोसे माझ्यापासून वीतभर अलीकडे हवेत संपत होते. आयुष्यात पहिल्यांदा माझं अंग माझ्या उपयोगी पडत होतं. मागून वस्तादाचा आवाज आला, "शाबास रे ताडमाड!" त्या क्षणी मला कोणी राज्य दिलं असतं तरी नको होतं.

तिसरा डाव. तो दमला होता, तोंडाने श्वास घेत होता. मी मागे सरलो आणि ताडपत्रीच्या चुणीत माझी टाच अडकली. त्याच वेळी त्याचा एक ठोसा, कसला ठोसा, धक्काच तो, माझ्या छातीवर आला. मी उताणा पडलो. दोन्ही खांदे फळीवर आपटल्याचा आवाज मी स्वतः ऐकला. लागलं काहीच नव्हतं. वर आभाळ, आणि पंच साहेब बोट हलवत काही आकडे म्हणतोय. आकडे आहेत हे कळलं, कशाचे ते कळलं नाही. माझ्या पाठीला तर सगळं आधीच कळलं होतं. तरी मी मान वळवून बाकडे पाहिलं.

बा उभा राहिला होता. म्हणाला, "पाठ लागली रे! दोन्ही खांदं लागलं. ऊठ, हात दे त्याला."

मी उठलो. वाकून ताडपत्रीला हात लावला, कपाळाला लावला आणि फायरमनकडे गेलो. त्याने घाबरून दोन्ही मुठी तोंडावर घेतल्या. मी त्याची एक मूठ धरली आणि वर केली. त्याला काही समजेना. खुर्च्यांवर आधी एक मडम हसली, मग सगळेच हसले. आमच्या बाजूचं कोणी हसलं नाही. तालमीची पोरं माना हलवत होती, बरोबर केलंस म्हणून.

मोजे काढत होतो तेव्हा फोरमन आला. चेहरा नाकापेक्षा लाल. "दस गिनती था! दस! छह पे तुम खड़ा हुआ, फिर काहे को छोड़ा? गिरा आदमी दस तक उठ सकता! तुम जीतता था, गधा!" मला ऐकू येत होतं, पण डोक्यात शिरायला वेळ लागला. दहा. सहालाच मी उभा होतो. पडणं म्हणजे हरणं नव्हतंच. मग तो माझ्या खांद्यावरून पलीकडे बघून बाला उद्देशून इंग्रजीत काहीतरी लांबलचक बोलला, थुंकला आणि निघून गेला. बा हात जोडून उभा होता. मला वाटलं, माझ्यावरचा राग त्याच्यावर निघाला.

महिनाअखेर खोली गेली. आठ दिवसांनी मलाही शेडमधून काढलं. आम्ही ठाण्याला आलो, खाडीकाठी मिठागरांजवळ झोपडं घातलं. पन्नाशीतला माझा बाप मिठाची पोती वाहायला लागला. मिठाचं ओझं फार वाईट. कातडं सोललं की मीठ आत जातं, जखम भरत नाही. ज्या खांद्यांना कऱ्हाडात लोक वाट सोडायचे, ते खांदे वर्षभरात चिंधीसारखे झाले. आयला त्या ओलीत ताप लागला तो उतरला नाही. तिसऱ्या वर्षी ती गेली. मी लाकडाच्या वखारीत ओंडके ओढत होतो. लांब हात तिथे बरे पडतात.

एवढ्या सगळ्यात मी एक गोष्ट जिवापाड जपली. ती दहा आकड्यांची गोष्ट बाच्या कानावर जाऊ दिली नाही. आपल्याच एका ओरडण्याने परत मिळायचं काम गेलं, खोली गेली, बायको गेली, हे त्याला समजलं असतं तर म्हातारा त्याच दिवशी खाडीत उतरला असता, असं मला वाटायचं. कल्याणचा एक ड्रायव्हर एकदा झोपड्यात आला आणि बोलता बोलता म्हणाला, "त्या दिवशी तुमचा पोरगा उठला होता की सहाला…" मी त्याला हाताला धरून बाहेर नेलं आणि हात जोडले. अकरा वर्षं असं चाललं. माझं लग्न झालं, पोर झालं. मनातल्या मनात रोज त्याला शिव्या द्यायच्या आणि तोंडाने "बा, भाकर खा" म्हणायचं.

अकराव्या वर्षी बा अंथरुणाला खिळला. एक बाजू गेली होती, बोलणं मात्र शाबूत. गावाकडचा कोणी भेटायला आला होता. भरदिवसा, दारात ऊन पडलेलं, बायको तांदूळ निवडत बसलेली. बा त्या माणसाला सांगत होता, अगदी अभिमानाने, "टोपीवाल्यांच्या म्होरं माझं पोरगं हरलं. पण रीत सोडली न्हाय."

माझा तोल गेला. पाहुण्याला काही न सांगता मी ओरडलो, "कसली रीत? तिथे ती रीतच नव्हती बा! पडलेल्याने दहा आकड्यांत उठायचं आणि पुन्हा खेळायचं, हा त्यांचा नियम. मी सहालाच उभा होतो! जिंकत होतो मी! तू ओरडलास म्हणून सोडलं. तुझं परत मिळायचं काम तुझ्या ओरडण्याने गेलं. आय या खातेऱ्यात मेली ती त्यानेच मेली!"

बायको तांदळाचं सूप तसंच धरून बसली. पाहुणा उठला, चपला शोधायला लागला. मला वाटलं, आता बा रडेल. मला तो रडायला हवा होता, खोटं कशाला बोलू?

बा म्हणाला, "धा आकडं व्हय. ठावं हुतं मला."

"काय ठाऊक होतं?"

"आदल्या दिशी तुझ्या साहेबानं बोलावलं हुतं. संगं बटलर हुता, त्यानं समदं आपल्या भाषेत सांगितलं. पोरगा पडला तर तू वरड, म्हणला. ऊठ म्हण, भीड म्हण. दुसऱ्या कुणाचं ऐकायचा न्हाय, तुझं ऐकंल. त्यापायीच खोक्यावर बसवलं हुतं मला."

मी म्हणालो, "मग?"

बाने माझ्याकडे पाहिलं. मी काही तरी अगदी सोपं विचारतोय, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं.

"पाठ लागली हुती की," तो म्हणाला.

त्यानंतर तो आठ महिने जगला. मी त्याला उचलायचो, धुवायचो, पेज पाजायचो. आवश्यक तेवढंच बोलायचो. वखारीतून येताना रोज ठरवायचो की आज बोलेन, आणि दारातून त्याचं ते बिनमानेचं डोकं दिसलं की हातपाय धुवायला मागे जायचो. शेवटच्या दिवशी सकाळी मी त्याचं तोंड पुसत होतो. त्याने चांगल्या हाताने माझं मनगट धरलं आणि विचारलं, "रागावलाईस व्हय रं अजून?"

मी म्हणालो, "नाही रे बा."

ते खोटं होतं.